दारू सोडायची आहे, मग जायचे कुठे? आधारगटाची मीटिंग शोधण्यासाठी माहिती

१४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दारू सोडण्याची शपथ घेणारे लोक आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये आहेत. पांढरा सदरा घालून, पंचशील म्हणून, लेकराबाळांसमोर घेतलेली ती शपथ खोटी नसते. घेणारा त्या क्षणी ती मनापासूनच घेतो. तरीही त्यातले बरेच जण काही दिवसांत पुन्हा गुत्त्यावर दिसतात. मग वस्ती म्हणते, याला इच्छाशक्तीच नाही. बायको म्हणते, आता याच्या शपथेवरही विश्वास नको. आणि तो माणूस विहारात यायचेच बंद करतो, कारण जिथे शपथ घेतली तिथे तोंड दाखवायची त्याला लाज वाटते.

आम्ही वस्तीपातळीवर समाजकार्य करतो. शपथ आणि दारूमुक्त आयुष्य यांच्यामध्ये एक लांबचा टप्पा असतो आणि तो माणसाने एकट्यानेच पार करावा अशी आपली अपेक्षा असते, हे आम्हाला वारंवार दिसते. पंचशीलातले पाचवे शील आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी १७ वी प्रतिज्ञा, दारू पिऊ नये हे स्पष्ट सांगतात. पण आज संध्याकाळी सात वाजता, अंगाला घाम फुटलेला असताना, नाक्यावरून मित्र हाक मारत असताना ती कशी टाळायची? हे ज्यांनी स्वतः टाळून दाखवले आहे, त्यांच्यासोबत बसूनच ते शिकता येते. अशा बसण्याला आधारगटाची मीटिंग म्हणतात. ती कुठे भरते, तिथे काय होते, बौद्ध माणसाला तिथे कोणते प्रश्न पडतात आणि कार्यकर्त्यांनी कोणती मदत करावी, याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख.

प्रश्न किती मोठा आहे

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने व्यसनांचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे मदत घ्यावी लागेल इतके बिघडलेले आहे. दारूचे अवलंबित्व असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारे तर १८० जणांत एक.

म्हणजे बहुतेक लोक कुठेच पोचत नाहीत. त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रातली खाट महाग असते, महिनाभराची मजुरी बुडवणे परवडत नाही, आणि मनोविकार विभागाची पायरी चढणे म्हणजे वेडा ठरणे असा समज असतो. आधारगटाचे मोल इथे कळते. तिथे फी नाही, कागदपत्रे नाहीत, मजुरीही बुडत नाही. बहुतेक मीटिंग संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर असतात.

आधी डॉक्टर, मग मीटिंग

एक धोक्याची सूचना सर्वांत आधी. वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली, तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम येणे, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना नसलेली माणसे किंवा किडे दिसतात, वेळेचे आणि जागेचे भान राहत नाही, ताप चढतो. वस्तीत अशा वेळी "बाहेरची बाधा झाली" असे म्हणून माणसाला भगताकडे नेतात. ही बाधा नाही. शरीराला सवयीची झालेली दारू अचानक तुटल्यामुळे मेंदूवर आलेले ते संकट आहे, आणि त्यावर रुग्णालयात उपचार होतो.

म्हणून सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागणारा, पूर्वी कधी फिट आलेला, कावीळ किंवा पोटात पाणी झालेला माणूस असेल तर आधी त्याला डॉक्टरकडे न्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. तिथे काही दिवस औषधे आणि ब १ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षित पार करतात. हे काम मीटिंग करू शकत नाही. शरीरातली दारू उतरल्यावर पुढचे आयुष्य कसे काढायचे, हे मात्र रुग्णालय शिकवत नाही. ते मीटिंगमध्ये शिकता येते.

आधारगट म्हणजे काय

जगभर सर्वांत जास्त पसरलेला आधारगट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए. मराठीत अर्थ सांगायचा तर नाव गुप्त ठेवून एकत्र येणारे मद्यपी. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात १९३५ साली याची सुरुवात झाली. बिल विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे, तर डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक. दोघेही दारूने पुरते बुडालेले. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यप्याशी मोकळेपणाने बोलले की आजची दारू टळते, हा अनुभव त्यांना आला आणि त्यातूनच गट उभा राहिला. डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला १० जून १९३५ रोजी घेतला असे मानतात. तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. आज सुमारे १८० देशांत हे गट आहेत. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली आणि मुंबई तिचे पहिल्यापासून महत्त्वाचे केंद्र राहिले.

गट चालवण्याचे नियम साधे आहेत. सदस्य होण्यासाठी एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही. मीटिंगमध्ये डबा किंवा पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, नसतील तर टाकू नयेत. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, मग तो नगरसेवक असो की कंपनी. राजकारण, धर्म, दारूबंदी अशा बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर ए.ए. भूमिका घेत नाही.

याचा उपयोग होतो का, असे कार्यकर्ते विचारतात. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. माणसाला ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांत ते ३५ टक्के होते. हे अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतले आहेत. यात चमत्कार काही नाही, पण फुकट मिळणारी मदत महागड्या उपचारांच्या तोडीस तोड ठरते, हे आपल्या वस्त्यांसाठी फार मोलाचे आहे.

मीटिंग कशी शोधावी

पहिला मार्ग ए.ए.चाच. भारतातील ए.ए.चे जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर राज्य आणि शहरानुसार संपर्क मिळतात. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो. "माझ्या भागात मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत असते," एवढेच विचारा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मीटिंग होतात, म्हणून भाषा विचारायला विसरू नका.

दुसरा मार्ग हेल्पलाइनचा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. जवळचे सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्र कुठे आहे, तेही या ठिकाणी विचारता येते.

तिसरा मार्ग रुग्णालये आणि संस्थांचा. शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील समाजसेवकाला गाठा. जवळपास कोणते गट चालतात, हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता जास्त. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. उपचार घेऊन गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका हा तिथल्या कामाचा भाग आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेले कृपा फाउंडेशन बारा पायऱ्यांच्या आधारे काम करते.

चौथा मार्ग आपल्याच ओळखीचा. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक डेपोत, प्रत्येक कारखान्यात पाच-दहा वर्षांपूर्वी दारू सोडलेला कोणीतरी असतो. त्याला एकांतात विचारा. चारचौघांत विचारू नका, तो गटाचा सदस्य असेल तर नाव गुप्त राखणे त्याच्यासाठी महत्त्वाचे असते.

खेड्यात राहणाऱ्यांना मीटिंग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावीच सापडते. बाजाराच्या दिवशी ती असेल तर उत्तम. नसेल तर फोनवरच्या आणि ऑनलाइन मीटिंगची चौकशी करावी. परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या तरुणांनाही हा मार्ग उपयोगी आहे. ए.ए.च्या परंपरेनुसार दारू सोडण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले तरी तो गट होऊ शकतो.

दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवा. "क्लोज्ड" मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. "ओपन" मीटिंगला घरचे लोक, विद्यार्थी, कार्यकर्तेही बसू शकतात. सोबत जायचे असेल तर ओपन मीटिंग कधी आहे ते आधी विचारा.

पहिल्या दिवशी काय होते

जागा साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह, दवाखान्यातली खोली. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला छोटी प्रार्थना किंवा शांतता, मग ए.ए. म्हणजे काय याचे वाचन, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. बोलताना आधी आपले नाव आणि आपण मद्यपी आहोत असे सांगण्याची पद्धत आहे. नवीन माणसाने बोललेच पाहिजे असे नाही. "आज फक्त ऐकतो" एवढे म्हटले तरी चालते. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. शेवटी चहा होतो, आणि खरी ओळख पुष्कळदा त्या चहाच्या वेळीच होते.

तिथे आडनाव विचारत नाहीत. ही गोष्ट आपल्या लोकांसाठी लहान नाही. आपल्या समाजात पहिला प्रश्न आडनावाचा असतो आणि त्यावरून पुढचा सगळा हिशेब मांडला जातो. मीटिंगमध्ये बँकेतला साहेब आणि सफाई कामगार एकाच बाकावर बसतात, दोघांचीही फक्त पहिली नावे सांगितली जातात. जातीची सवय माणसे दाराबाहेर ठेवून येतात असा आमचा दावा नाही. पण निदान त्या खोलीचा नियम आपल्या बाजूचा आहे.

वस्तीतले कोणी दिसेल अशी भीती वाटत असेल तर पहिल्या काही मीटिंग दुसऱ्या भागात कराव्यात. एक मीटिंग आवडली नाही म्हणून सोडून देऊ नये. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो, निदान तीन-चार गट पाहावेत. नवीन सदस्याला जुने लोक ९० दिवसांत ९० मीटिंग करायला सुचवतात. रोजंदारीवाल्याला ते जमेलच असे नाही. आठवड्याला तीन ठरवा, पण त्या चुकवू नका. मधल्या दिवसांसाठी दोन-तीन सदस्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा. तलफ आली की पेल्याआधी फोन करायचा, हे सगळ्यात उपयोगी शस्त्र आहे. पुढे एखादा अनुभवी सदस्य "स्पॉन्सर" म्हणून मार्गदर्शन करतो. त्यात पैशाचा संबंध नसतो.

"आयुष्यभर सोडली" असे तिथे म्हणत नाहीत, "फक्त आजचा दिवस" म्हणतात. आपल्या शपथेत आणि त्यांच्या पद्धतीत विरोध नाही. शपथ जन्माची असते, ती पाळायची मात्र एकेका दिवसाने.

देव, प्रार्थना आणि आपला प्रश्न

बौद्ध तरुण इथे अडखळतात, आणि ते स्वाभाविक आहे. बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीचा आणि देवाचा उल्लेख येतो. २२ प्रतिज्ञा घेतलेला माणूस म्हणतो, देव सोडण्यासाठी आम्ही धम्म घेतला, आता दारू सोडण्यासाठी पुन्हा देव धरायचा का?

या प्रश्नाला बगल देऊ नये. पहिली गोष्ट, सदस्यत्वाची अट फक्त दारू सोडण्याची इच्छा ही आहे. श्रद्धा तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहता येते. दुसरी गोष्ट, पायऱ्या लिहिल्या जात असतानाच देव न मानणाऱ्या सदस्यांनी आग्रह धरला होता. त्यामुळेच देवाची कल्पना ज्याला जशी उमगेल तशी, अशी शब्दरचना झाली. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बौद्धांनी पायऱ्यांमधल्या देवाच्या जागी "चांगुलपणा" हा शब्द घ्यायची इच्छा दाखवल्याचा प्रसंग बिल विल्सन यांनी ए.ए.च्या इतिहासाच्या पुस्तकात नोंदवला आहे. पायऱ्या या केवळ सूचना आहेत, असे म्हणत त्यांनी ते मान्य केले. म्हणजे आपला प्रश्न नवा नाही आणि त्याचे दार साठ वर्षांहून अधिक काळ उघडे आहे.

बरेच नास्तिक सदस्य आपला गट हीच मोठी शक्ती मानतात. एकट्याला न जमलेले दहा जणांत जमते, एवढाच त्याचा अर्थ. बौद्ध माणसाला हे परके वाटायला नको. तथागतांनी आनंदाला सांगितले होते की कल्याणमित्राची सोबत हा धम्मजीवनाचा अर्धा भाग नसून ते संपूर्ण धम्मजीवन आहे. संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. मीटिंगमध्ये बसून ऐकले तर तेच सहा तोटे माणसे आपापल्या शब्दांत सांगताना ऐकू येतात.

तरीही एखाद्या गटात देवाधर्माचेच बोलणे जास्त होत असेल तर गट बदलावा. बौद्ध विचारांवर उभे राहिलेले गटही आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या रिकव्हरी धर्म या गटाच्या मीटिंग ऑनलाइन होतात, मात्र मुख्यतः इंग्रजीत. विमलसारा आणि परमबंधू यांनी २०१३ मध्ये मांडलेला आठ पायऱ्यांचा कार्यक्रमही बौद्ध शिकवणीवर आधारलेला आहे. हे दोघे ज्या त्रिरत्न बौद्ध संघाचे, त्याचे काम आपल्या महाराष्ट्रात चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. देवाचा उल्लेख नसलेला स्मार्ट रिकव्हरी हा पर्यायही आहे. पण आमचे स्पष्ट मत असे की, मनासारखा गट मिळेपर्यंत थांबू नये. घराजवळ मराठीत मीटिंग भरत असेल तर आज तिथे जावे. मतभेद दारू सुटल्यावरही करता येतात.

घरच्यांसाठी, बायांसाठी

दारू एक जण पितो आणि सगळे घर आजारी पडते. घरच्यांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेला अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. पिणारा मीटिंगला यायला तयार नसला तरी पत्नीने, आईने, मुलाने आपल्या गटाला जावे. कर्ज फेडत राहायचे का, कामावर त्याच्या आजारपणाची खोटी कारणे सांगायची का, हे प्रश्न तिथे मोकळेपणाने बोलता येतात.

घरात मारहाण होत असेल तर मीटिंग हा त्यावरचा उपाय नाही. तिथे आधी बाईची आणि मुलांची सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत.

पिणाऱ्या बाया आपल्यात नाहीतच, असे समजू नये. त्या लपून पितात आणि त्यांची बदनामी दुपटीने होते. त्यांनी फोनवर चौकशी करताना स्त्री सदस्याशी बोलायचे आहे असे सांगावे आणि स्त्रियांची मीटिंग किंवा ऑनलाइन मीटिंग विचारावी.

फसवणुकीपासून सावध

"रुग्णाला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीभिंतींवर असतात. डायसल्फिराम नावाचे औषध अंगात असताना दारू घेतली तर उलट्या, धडधड होते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. जेवणात चोरून औषध कालवणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

केंद्र निवडतानाही चौकशी करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारूच्या व्यसनामुळे होणाऱ्या मनोविकारांनाही लागू होतो. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी असावी लागते, रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. नोंदणी दाखवत नाही, डॉक्टर कोण ते सांगत नाही, घरच्यांना भेटू देत नाही, अशा ठिकाणी माणूस ठेवू नका.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सर्वांत मोठी मदत म्हणजे पहिल्या मीटिंगपर्यंत सोबत जाणे. पत्ता लिहून दिलेला माणूस पुष्कळदा दारापर्यंत जाऊन परत येतो. तो शुद्धीत असताना बोला, शक्यतो रात्रीच्या गोंधळानंतरच्या सकाळी. उपदेश नको. "आज संध्याकाळी मी येतो, आपण जाऊ" एवढे पुरे. मीटिंग क्लोज्ड असेल तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबा.

दुसरे, विहाराची किंवा समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी गटाला द्या. गट शक्यतो थोडे भाडे देऊ करेल, ते घ्या. कारण फुकटचा उपकार घेऊन मिंधे राहायचे नाही, हे त्यांचे तत्त्व आहे आणि ते आपल्या स्वाभिमानाच्या विचाराशी जुळणारे आहे. गटाला विहाराचे नाव देऊ नका. दाराबाहेर फलक, उद्घाटनाला पुढारी, आत फोटो, समाजमाध्यमावर पोस्ट, यांतले काहीही नको. विहार समितीने खोलीची किल्ली द्यावी आणि आत डोकावू नये.

तिसरे, दारू सोडलेल्याचा स्टेजवर सत्कार करू नका. आपल्या चळवळीला हाराची आणि शालीची सवय आहे, हेतूही चांगला असतो. पण सहा महिने दारूमुक्त असलेल्याला जयंतीच्या मंचावर उभे केले की त्याचे व्यसन साऱ्या गावाच्या चर्चेचा विषय होते. उद्या तो घसरला तर त्याला परतीची वाट उरत नाही. नाव गुप्त ठेवण्यामागे हाच विचार आहे. त्याला बोलायचेच असेल तर ते त्याने ठरवावे.

चौथे, दारूबंदीचे काम आणि मीटिंगचे काम वेगळे ठेवा. बाटली आडवी करणाऱ्या बायांचा लढा गरजेचा आहे आणि तो चाललाच पाहिजे. पण ज्या खोलीत माणूस "मी काल प्यालो" असे सांगायला येतो, तिथे मोर्चाची यादी फिरवू नये.

पाचवे, आपल्या मिरवणुका, लग्ने, निवडणुकीचे दिवस आधी दारूमुक्त करा. दारू सोडून दोन आठवडे झालेल्या तरुणाला डीजेसमोर बाटली देणारे हात आपल्याच मंडळातले असतात.

पुन्हा प्याला तर

बरेच जण पहिल्या प्रयत्नात टिकत नाहीत. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध आणि पथ्य पुन्हा बघतो. मीटिंगमध्ये पुन्हा प्यालेल्या माणसाला हाकलत नाहीत. तो परत आला की त्याला खुर्ची देतात, चहा देतात आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लावतात. नशेत असलेल्याने त्या दिवशी गप्प बसून ऐकावे, एवढीच अपेक्षा असते.

विहारातही तेवढी जागा हवी. शील मोडलेला माणूस पुन्हा शील घेऊ शकतो, म्हणून तर आपण पंचशील एकदाच न घेता दर वंदनेला घेतो. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर पुढच्या जयंतीच्या शपथेची वाट पाहू नका. आज फोन करून जवळच्या मीटिंगचा वार आणि वेळ विचारून घ्या, आणि त्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभे राहा.

जयभीम.